शंभर कोणाला धरायचं?

"आलं उत्तर," म्हणत ती वही माझ्याकडे सरकवते. उत्तराखाली दोन ठसठशीत रेघा. २७० रुपये.

गणित मीच लिहून दिलेलं आहे. एक बाई महिन्याच्या उत्पन्नातले ८५ टक्के घरखर्चाला वापरते आणि १,८०० रुपये शिल्लक टाकते, तर तिचं उत्पन्न किती? नववीच्या गणित भाग एकमध्ये 'अर्थनियोजन' नावाचं प्रकरण आहे, त्यात या जातीची उदाहरणं येतात. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा आहे आणि ही मुलगी त्या प्रकरणाची पानं सरळ उलटून पुढे जाते.

"त्या बाईचं उत्पन्न २७० रुपये?" मी विचारते.

"हो."

"आणि त्यातून ती शिल्लक टाकते १,८००?"

ती आधी वहीकडे बघते, मग माझ्याकडे. "पण गुणाकार बरोबर हाय की वो काकू. दोनदा केलाय."

गुणाकार बरोबरच आहे. शंभरातून ८५ गेले, राहिले १५. १,८०० चे १५ टक्के २७०. आकडेमोडीत कुठेही बोट ठेवायला जागा नाही, अक्षर सुरेख आहे, दशांश चिन्हाखाली दशांश चिन्ह आहे. फक्त वहीतल्या त्या बाईला २७० रुपये मिळतात आणि ती १,८०० वाचवते, हे तिला खटकलेलं नाही. टक्केवारीत अडलेल्या मुलांकडे बघताना मला नेहमी हेच दिसतं. गणितातली माणसं त्यांना माणसं वाटतच नाहीत. शब्दांमधून आकडे वेचायचे, एकमेकांवर टाकायचे, जे पडेल ते उत्तर.

मार्चचा पहिला आठवडा आहे. दिवस मावळायला आलाय तरी ओट्याची फरशी पायाला गरम लागते. कुपवाड एमआयडीसीच्या मागच्या अंगाला ही आमची गल्ली. दुसरी पाळी कारखान्यात आहे, त्यामुळे गल्लीत यावेळी बायका आणि पोरंच दिसतात. मोठ्या रस्त्यावरून बेदाण्याचे बॉक्स भरलेले टेम्पो कोल्ड स्टोअरेजकडे चाललेत. द्राक्षं उतरून शेडवर वाळायला लागली की इथे ही वर्दळ सुरू होते. १९९८ मध्ये सांगली आणि मिरजेबरोबर कुपवाड महानगरपालिकेत आलं, पण इथला दिवस अजूनही पालिकेपेक्षा पाळीवर चालतो. पगार सात ते दहा तारखेच्या दरम्यान होतो, त्यानंतरचे चार दिवस किराणा दुकानात उभं राहायला जागा नसते.

मुलीचं कुटुंब शेजारच्या दोन खोल्यांत भाड्याने राहतं. मूळचे जत तालुक्यातले. वडील फौंड्रीत मोल्डिंगला, आई बेदाणा निवडायला, धाकटा भाऊ सहावीत, आजी घरी. मी बँकेतून निवृत्त झालेली. आकड्यांची सवय आहे आणि संध्याकाळ मोकळी आहे, म्हणून ती वही घेऊन माझ्या ओट्यावर येते.

"तुला शाळेत कसं सांगितलंय?"

"तिरका गुणाकार करायचा." ती पेन्सिलीने हवेत फुली काढते. "पण कशाखाली काय लिहायचं ते मला कळंना."

हे तिचं वाक्य मला फार नेमकं वाटतं. रीत तिला येते. कशाखाली काय लिहायचं, हीच अडचण आहे, आणि टक्केवारीत दुसरी अडचण जवळपास नसतेच. ८५ टक्के म्हणजे शंभरातले ८५. पण शंभर कोण? या गणितात शंभर म्हणजे उत्पन्न, आणि उत्पन्न तर आपल्याला ठाऊक नाही. ठाऊक आहे ती शिल्लक. तिने समोर दिसलेल्या एकमेव रकमेला, १,८०० ला, शंभर धरलं आणि तिथेच गाडी रुळावरून उतरली.

मी तिला हेच समजावते. ती मान डोलावते. मी त्याच धर्तीचं दुसरं गणित देते. ती पुन्हा तेच करते.

तेवढ्यात तिची आई येते. बेदाणा निवडून बोटं चिकट झालेली असतात, म्हणून आधी नळावर जाऊन हात धुते आणि पदराला पुसत ओट्याच्या कडेला टेकते. "काय म्हणतीया ही? येतंय का काही?"

"येईल," मी म्हणते, आणि तिचीच मदत घ्यायचं ठरवते. "मला सांग, एक किलो बेदाण्याला द्राक्षं किती लागतात?"

"चाराला एक पडतो." तिला विचार करावा लागत नाही. "माल पातळ असला, गोडी कमी असली, तर साडेचार, पाच बी लागत्यात. पर चारच धरायचं."

"मग पंधरा किलोचा एक बॉक्स?"

"साठ किलो गेली त्यात."

मुलगी आईकडे बघते. मी तिला वहीत लिहायला लावते. चार किलोचा एक किलो, म्हणजे शंभर किलो द्राक्षांचा बेदाणा किती? "पंचवीस." म्हणजे किती टक्के? "पंचवीस टक्के." बाकीचे पंच्याहत्तर कुठे गेले? "वाळले," ती म्हणते. आई दुरुस्ती करते, "पाणी उडालं."

आता मी गणिताचा प्रश्न आहे तसा तिच्यापुढे ठेवते. शेतकऱ्याकडे बेदाण्याचा बॉक्स आहे पंधरा किलोचा. बेदाणा द्राक्षांच्या २५ टक्के उतरतो. द्राक्षं किती होती?

ती फुली काढत नाही. "साठ. आईनं सांगितलं की."

"आईने सांगितलं म्हणून सोड. पंधराचे पंचवीस टक्के का काढले नाहीस?"

ती थांबते. पेन्सिलीचं टोक दातात धरते. "कारण पंधरा हा बेदाणा हाय. टक्के द्राक्षांचे हायेत."

मला पुढे काही सांगावं लागत नाही. ती आपणहून मागचं पान उलटते आणि २७० च्या शेजारी दोन ओळी लिहिते. १५ टक्के, १,८०० रुपये. १ टक्का... ती भागाकार करते... १२० रुपये. मग शंभर टक्के.

"बारा हजार!"

"बघ, त्या बाईला परवडतंय का आता."

"परवडतंय," ती हसते. "दहा हजार दोनशे खर्च, अठराशे शिल्लक."

हा ताळा मी सांगितलेला नाही, तो तिनेच केलाय. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कौतुक आपण दर हंगामात वाचतो. त्याच बेदाण्याच्या निवडीवर हात चालवणाऱ्या या बाईच्या डोक्यात उलट्या टक्केवारीचं गणित तयार आहे आणि तिची लेक ते शाळेतून आणलेल्या वहीत शोधते आहे. दोन्हींच्या मध्ये कुणीतरी एक संध्याकाळ बसायला हवं, एवढंच.

तरी यातून लगेच असा निष्कर्ष काढायला मी तयार नाही की घरचं गणित आलं म्हणजे पुस्तकातलं आपोआप येतं. प्रथम संस्थेने २०२३ मध्ये २८ जिल्ह्यांत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांची पाहणी केली, तिचा 'असर' अहवाल जानेवारी २०२४ मध्ये आला. त्यात रोजच्या व्यवहारातले हिशोब विचारले होते. ज्यांना निदान वजाबाकी येते अशा मुलांपैकी साठ टक्क्यांहून थोडी जास्त मुलं दिलेल्या पैशांत खरेदी बसवू शकली. वस्तूवरची सूट काढणं ३७ टक्क्यांच्या आसपास मुलांना जमलं. कर्जाची परतफेड किती होईल हे सांगणारी दहा टक्केच निघाली. बेरीज-वजाबाकीत तरलेली मुलं टक्का आला की पडतात आणि व्याज आलं की बुडतात. ही मुलं दोन-चार वर्षांत हप्त्यावर मोबाईल घेतील, गाडी घेतील, लग्नाला कर्ज काढतील. मी बँकेच्या काउंटरवर त्यांना कागदावर सह्या करताना पाहिलेलं आहे, म्हणून ते दहा टक्के मला झोंबतात.

"आता आपलं घर घेऊ," मी म्हणते.

मुलगी आईकडे बघते. आई क्षणभर गप्प राहते, मग म्हणते, "घ्या की. तुमच्यापासून काय लपवायचंय." आणि मोबाईल पुढे करते. नवऱ्याच्या फेब्रुवारीच्या पगाराची स्लिप त्यात आहे.

मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,०००. भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ, १२ टक्के. मुलगी १ टक्का काढते, १५०, त्याचे बारापट १,८००. स्लिपवर तोच आकडा पाहून तिला फार बरं वाटतं. खाली ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विम्याची वर्गणी, ०.७५ टक्के. ती लिहिते ११,२५०.

"सगळा पगार दवाखान्यालाच गेला," आई म्हणते. मुलगी जीभ चावते.

इथे मी आमच्या लहानपणीची पाऊणकी काढते. पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, औटकी. ही पाठांतरं आता शाळांतून गेली. मला ती पुन्हा आणायची नाहीत, घोकून घोकून आमच्यातल्या कितीतरी मुलींचा गणितावरचा जीव उडाला. पण त्यांच्यामुळे पाऊण ही एकापेक्षा लहान गोष्ट आहे हे अंगात मुरायचं. "०.७५ टक्के म्हणजे पाऊण टक्का. एक टक्का किती?" "दीडशे." "मग पाऊण?" "एकशे साडेबारा." स्लिपवर ११३ आहेत, कारण ईएसआयची वर्गणी पुढच्या पूर्ण रुपयात धरतात. ती ११२.५० लिहून शेजारी कारण लिहून ठेवते.

व्यवसायकर ३००. "दर महिन्याला तर २०० असतात," तिच्या आईच्या लक्षात आहे. बरोबर. महाराष्ट्रात या पगाराला अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे अडीच हजार. राज्यघटनेने या कराला घातलेली मर्यादाच २,५०० ची आहे, ती भरून काढायला फेब्रुवारी वापरतात. हा कर टक्क्यात नाही, ठोक आहे. मुलीला हे महत्त्वाचं वाटतं. "म्हणजे पगार वाढला तरी तेवढाच?" तेवढाच. "मग ज्याला जास्त पगार त्याला टक्के कमी पडतात." नववीतल्या मुलीने हे स्वतःहून म्हणावं याचा मला खरोखर आनंद होतो.

१५,००० मधून १,८००, ११३ आणि ३०० गेले. हातात १२,७८७. आईचे या महिन्याचे ७,२००. मिळून १९,९८७.

"वीस हजार धरूया," मुलगी म्हणते आणि पान आडवं धरून रकाने आखते. वर मोठ्या अक्षरात लिहिते, १०० = घरात आलेले २०,०००. म्हणजे १ टक्का २०० रुपये. यापुढे तिला तिरका गुणाकार लागत नाही, सगळं दोनशेने भागायचं.

आई सांगत जाते, ती लिहीत जाते. भाडं ३,५००. किराणा ४,३००, दूध १,५००, भाजी आणि फळं १,४००, अंडी-चिकन हजार. खाण्याचे ८,२००. गॅस आणि लाइटबिल १,७००. दोघांच्या शाळेचं १,६००. पेट्रोल हजार. आजीची औषधं ७००. रिचार्ज ६००. बचत गट २,४००.

भाडं साडेसतरा टक्के. खाणं एक्केचाळीस. गॅस-लाइट साडेआठ. बचत गट बारा, शिक्षण आठ, पेट्रोल पाच, औषधं साडेतीन, रिचार्ज तीन. ती बेरीज करते, साडेअठ्ठ्याण्णव. वरून रुपयांची करते, १९,७००. दोन्ही बेरजा एकमेकींना सांभाळून घेतात हे तिला दिसतं आणि ती ताठ बसते.

"शिल्लक दीड टक्का. तीनशे रुपये." मग जरा वेळाने, "पुस्तकात कशी सगळी वीस टक्के शिल्लक टाकत्यात?"

पुस्तकाला सोपे आकडे हवे असतात, हे मी तिला सांगते. पण तिचा प्रश्न मला सोडत नाही. पुस्तकातलं घर आधी उत्पन्न मांडतं, मग त्याचे वाटे करतं. इथे वाटे आधीच ठरलेले आहेत, घरमालकाने, दुकानदाराने, डॉक्टरने, आणि उत्पन्न त्यांच्यामागे धावत असतं. मुलीला उलटी गणितं अवघड जातात असं आपण म्हणतो. खरं तर तिचं घर रोज उलटंच गणित सोडवतं, खर्च माहीत आहे, तो भागवायला किती लागतील ते शोधायचं.

एक्केचाळीसचा आकडा मी तिला पुन्हा वाचायला लावते. सरकारच्या सांख्यिकी खात्याने ऑगस्ट २०२३ ते जुलै २०२४ या काळात देशभर घरगुती खर्चाची पाहणी केली. तीत खाण्यापिण्याचा वाटा ग्रामीण भागात ४७ टक्के आणि शहरी भागात ४० टक्क्यांच्या किंचित खाली निघाला.

"म्हणजे आमचं शहरासारखंच," ती म्हणते. "फक्त एक टक्का जास्त."

"त्यांनी शंभर कोणाला धरलंय?"

ती सावध होते. या प्रश्नाला आता ती घाईने उत्तर देत नाही. त्या पाहणीत शंभर म्हणजे उत्पन्न नव्हे, घराचा उपभोगावरचा खर्च. कर्जाचा हप्ता आणि शिल्लक त्यात येत नाहीत. मग आपलंही तसंच करून बघायचं. १९,७०० मधून बचत गटाचे २,४०० काढले, राहिले १७,३००. आता ८,२०० भागिले १७,३००. भागाकार लांबतो, आई आत जाऊन चहाचं आधण ठेवून येते, तोवर उत्तर येतं. ४७.४.

"तेच आठ हजार दोनशे," मुलगी सावकाश म्हणते, "आणि एकदा एक्केचाळीस, एकदा सत्तेचाळीस."

राहतात महानगरपालिकेत, आणि खर्चाची घडण मात्र खेड्यातल्या सरासरी घरासारखी. एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाच्या वह्या तपासून मांडलं होतं की उत्पन्न जितकं कमी तितका त्यातला अन्नाचा वाटा मोठा. भारतातही १९९९-२००० मध्ये हा वाटा ग्रामीण भागात ५९ आणि शहरांत ४८ टक्के होता, तो उतरत आज इथवर आलाय. मुलीला मी एंगेलचं नाव सांगत नाही. एवढंच सांगते की कुणाच्याही घराची परिस्थिती ओळखायची असेल तर पगार विचारू नये, खाण्याचा टक्का काढावा. ती ते वहीच्या समासात लिहून घेते.

मला इथे गोपाळ कृष्ण गोखले आठवतात, आणि ते उगीच नाही. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवत असताना त्यांनी बापट नावाच्या सहकाऱ्याच्या मदतीने अंकगणिताचं पुस्तक तयार केलं आणि ते पुढे कितीतरी वर्षं शाळांतून चाललं. याच माणसाने १९०२ मध्ये व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अंदाजपत्रकावर भाषण केलं. सरकार शिलकी अंदाजपत्रकाचा अभिमान मिरवत होतं. गोखल्यांनी आकडे मांडून दाखवलं की ही शिल्लक प्रजेच्या भरभराटीची खूण नव्हे, दुष्काळात पिचलेल्या लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याची आहे. शिल्लक तिजोरीच्या मानाने मोजायची की माणसांच्या, असाच त्यांचा प्रश्न होता. ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत त्यांनी उमेदीची वर्षं वेचली, तिनेच १९१९ मध्ये इथून जवळ विश्रामबागला विलिंग्डन महाविद्यालय काढलं. ही मुलगी दहावीनंतर तिथे जायचं म्हणते.

चहा येतो. मुलगी पेला बाजूला ठेवून बचत गटाच्या रकान्यावर बोट ठेवते. "हे २,४०० सगळे खर्चच का?"

चांगला प्रश्न आहे. गटाचा हिशोब आईला तोंडपाठ. मुद्दल २,०००, व्याज २००, बचत २००. दहा हजार बाकी आहे, शेकडा दोन महिन्याला. पुढच्या महिन्यात बाकी आठ हजार, व्याज १६०. मग १२०, ८०, ४०, आणि फिटलं. मुलगी सगळ्या व्याजाची बेरीज करते, ६००. महिन्याला दोन म्हणजे वर्षाला चोवीस टक्के, हे ऐकून ती दचकते. मी तिला सांगते की चोवीस टक्के खरे आहेत, पण प्रत्येक महिन्याला शंभर कोण हे बघ. उरलेली बाकी. ती उतरत जाते तसं व्याज उतरतं. काही सावकार आणि दुकानदार हप्ते फिटत आले तरी व्याज पहिल्या रकमेवरच धरतात. तसं इथे असतं तर पाच महिन्यांचं व्याज एक हजार झालं असतं. दर दोन्हीकडे शेकडा दोनच. फरक फक्त शंभर कोणाला धरलं याचा, आणि तो चारशे रुपयांचा आहे. कर्ज घेताना कागदावर पहिला प्रश्न हाच विचारायचा, दर नंतर.

बचतीचे २०० ती खर्चातून काढून शिल्लकीत टाकते. दीड टक्क्याचे अडीच होतात. पीएफचे १,८०० सुद्धा बचतच आहेत, त्याशिवाय कारखान्याचा मालक पगाराच्या आणखी १२ टक्के भरतो, त्यातले ८.३३ पेन्शनकडे जातात आणि ३.६७ पीएफमध्ये. "हे आठ पूर्णांक तेहतीस कुठनं आलं?" तिला विचित्र आकडा खुपतो. शंभराला बाराने भाग, मी म्हणते. ती भागते. ८.३३३... संपत नाही. वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजे एका महिन्याचा पगार. दिवाळीच्या बोनसचा कायद्यातला किमान आकडाही हाच आहे. तिथे हिशोब कोणत्या पगारावर धरायचा याला कमाल मर्यादा आहे, म्हणून हातात पूर्ण महिन्याचा पगार पडेलच असं नाही.

मध्येच धाकटा भाऊ येऊन शाम्पूची पुडी मागतो आणि मला एक गणित सुचतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून शाम्पू, साबण, टूथपेस्ट यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला. शंभराची बाटली ११८ ला मिळायची, ती १०५ ला मिळायला हवी. किती टक्के स्वस्त? "तेरा," ती पटकन म्हणते. लगेच स्वतःच हात वर करते. "थांबा, थांबा. गिऱ्हाईक ११८ देत होतं. शंभर ११८ ला धरायचं." अकरा टक्के आणि वर थोडं. ती बाकी मोजत बसत नाही, मीही आग्रह धरत नाही.

दिवे लागलेत. वही मिटवावी असं मला वाटतं, पण आई मघापासून काहीतरी मनात घोळवते आहे.

"काकू, एक विचारू का? पुढच्या महिन्यात खोलीचा करार संपतोय. मालक म्हणालेत, दहा टक्के वाढ. अकरा महिन्यांनी सगळेच घेत्यात म्हणं. दहा टक्के म्हणजे काय लई न्हाई ना?"

मी मुलीकडे बघते. ती आडवं पान पुन्हा उघडते.

"शंभर म्हणजे भाडं. साडेतीन हजाराचे दहा टक्के साडेतीनशे." मग शेजारच्या रकान्यात, "घरातल्या वीस हजारांचे पावणेदोन टक्के."

"मग थोडंच हाय."

"थांब गं आई." ती सगळ्यात खालची ओळ शोधते. "शिल्लक तीनशे. पुढच्या महिन्यात गटाचं व्याज चाळीसनं कमी, व्यवसायकर शंभरनं कमी, म्हणजे चारशे चाळीस. त्यातनं साडेतीनशे गेले." पेन्सिल थांबते. "नव्वदच उरत्यात."

"आणि गटाची बचत हाय की?"

"ती गटात भरावीच लागती. पाच महिने. कर्ज फिटल्यावर मग दोन हजार मोकळे होतील, तवा दहा टक्के चालतील. आता न्हाई." ती वर बघते. "मालकाला आता पाच म्हण. पाच टक्क्यांना एकशे पंच्याहत्तर. मग दोनशे पासष्ट शिल्लक राहतंय."

आई चहाचे पेले गोळा करते. "आणि ते न्हाई म्हणाले तर?"

"तर सात." मुलगी आधीच गुणाकार करते आहे. "दोनशे पंचेचाळीस. एकशे पंच्याण्णव राहतंय. साताच्या वर जाऊ नको."

"पान फाडून दे मला ते," आई म्हणते. "उद्या सकाळी कामावर जायच्या आधी मालकांकडं जाऊन येते."